ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प) हा उपाय आहे, म्हणून आस्पेक्ट रजिस्टरमध्ये त्याला स्वतःचं पान नको का?

प्रवाह (धागाकर्ता)

रासायनिक कारखान्यांच्या पर्यावरण विभागात काम करतो. आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या स्टँडर्डसाठी तयार केलेली बरीच आस्पेक्ट-इम्पॅक्ट रजिस्टर (कामातली पर्यावरणाशी संबंध येणारी बाब म्हणजे आस्पेक्ट, तिचा परिणाम म्हणजे इम्पॅक्ट) हाताखालून गेली आहेत आणि बहुतेकांत एक ओळ सारखीच सापडते. कृती: उत्पादन. आस्पेक्ट: सांडपाणी बाहेर पडणं. इम्पॅक्ट: जलप्रदूषण. नियंत्रण: ईटीपी. तिथे विषय संपतो. बॉयलर, कूलिंग टॉवर, गोदाम, अगदी कॅन्टीनलाही त्या रजिस्टरमध्ये स्वतंत्र पान असतं. ईटीपी मात्र कायम शेवटच्या रकान्यात, दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून.

मला हे चुकीचं वाटतं. ईटीपीत काही प्रदूषक खरोखर नष्ट होतात, पण बरेचसे फक्त जागा बदलतात. पाण्यातला रंग आणि धातू गाळात जातात. औषधं किंवा इंटरमीजिएट (त्यांच्यासाठीची मधली रसायनं) बनवणाऱ्या कारखान्याचं पाणी उघड्या इक्वलायझेशन टाकीत (जिथे सगळं सांडपाणी एकत्र मिसळतं) हवा सोडून ढवळलं की टोल्युइनसारखी सॉल्व्हंट वर उडून जातात. लॅबच्या रिपोर्टात सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचं ऑक्सिजनच्या गरजेवरून काढलेलं माप) खाली आलेला दिसतो, पण तेवढा सीओडी जिवाणूंनी खाल्लेला नसतो. तो शेजारच्या वस्तीच्या श्वासात गेलेला असतो.

दुसरं उदाहरण न्यूट्रलायझेशनचं, म्हणजे पाण्यातली आम्लता घालवण्याचं. आम्लयुक्त पाण्यात चुना टाकला तर गाळ वाढतो. कॉस्टिक सोडा टाकला तर गाळ कमी होतो, पण सोडियम पाण्यात विरघळून राहतं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) वाढतो आणि पुढच्या जैविक टाकीत तो कमी होत नाही. म्हणजे त्रास जमिनीला द्यायचा की नदीला, हे खरेदी विभाग ऑर्डर काढताना ठरवत असतो, आणि बहुतेक वेळा भाव बघून. रजिस्टरमध्ये हा निर्णय कुठेच दिसत नाही.

आणि गाळ. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ ३५.३ क्रमांकाखाली येतो. ९० दिवसांपर्यंत साठवायचा, मग मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या वाहतुकीचा फॉर्म) भरून तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्राला पाठवायचा. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे ड्राइंग बेड (गाळ वाळवायचे वाफे) वाळतच नाहीत. छप्पर नसलेल्या बेडवर पाऊस पडला की गाळ धुऊन निघालेलं पाणी पावसाळी गटारात जातं, म्हणजे ईटीपीला वळसा घालून थेट नाल्यात. स्टँडर्डचं ६.१.२ कलम सांगतं की नेहमीच्या कामकाजाबरोबर असाधारण परिस्थिती आणि अंदाज करता येण्याजोगी आणीबाणी लक्षात घ्या. पाऊस तर कोकणात आणि घाटावर दरवर्षी येतो, त्याचा अंदाज करायला तज्ज्ञ लागत नाही.

ईटीपीचं प्रत्येक युनिट ही स्वतंत्र कृती धरून आस्पेक्ट लिहावेत असं माझं ठाम मत आहे. इतरांचं काय म्हणणं?

यंत्रमाग

साहेब, मी इचलकरंजीत कापड प्रोसेसिंगमध्ये आहे आणि तुमच्या मुद्द्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय, पण ‘ईटीपीमुळेही पर्यावरणाची हानी होते’ हे वाक्य कुणाच्या हातात पडेल याचा विचार करा. रात्री ब्लोअर (जिवाणूंच्या टाकीत हवा सोडणारं यंत्र) बंद ठेवणारे आजही आहेत. ईटीपीच्या विजेतला निम्म्याहून मोठा वाटा ब्लोअरचा असतो आणि मालकाच्या डोळ्यांवर तेच बिल येतं. उद्या रजिस्टरमध्ये ‘ब्लोअर: वीजवापर, कार्बन उत्सर्जन, महत्त्वाचा आस्पेक्ट’ असं लिहिलंत की त्यावर उद्दिष्ट आलंच: वीज दहा टक्के कमी करा. मग एरेशन टाकीतला विरघळलेला ऑक्सिजन खाली जाणार, जिवाणू मरणार, टाकी काळी पडणार आणि कारखान्याला मात्र ऊर्जाबचतीची शाबासकी मिळणार. एकदा बायोमास, म्हणजे टाकीतला जिवाणूंचा साठा, मेला की तो परत उभा करायला आठवडे जातात. तेवढे दिवस पाणी कुठं जातं?

पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच आम्ही पाहिलाय. त्या नदीकाठी उभं राहून मला कुणी सांगू नये की ब्लोअरचा कार्बन आणि नदीतलं पाणी एकाच कोष्टकात शेजारी शेजारी ठेवा. आधी पाणी स्वच्छ होऊ दे.

छोट्या युनिटची अडचण वेगळीच. तिथं केमिस्ट, ऑपरेटर आणि रजिस्टर भरणारा एकच माणूस असतो. त्याला आणखी चाळीस ओळी लिहायला लावल्या तर तो जार टेस्ट (केमिकलची मात्रा ठरवायची चाचणी) करायचा सोडून लिहीत बसेल.

ऑडिटवाली

यंत्रमाग, तुमची भीती खरी आहे. पण दोष आस्पेक्ट लिहिण्यात नाही, गुण देण्याच्या पद्धतीत आहे. त्यावर जरा सविस्तर लिहिते, कारण ऑडिटमध्ये सगळ्यात जास्त घोळ तिथेच दिसतो.

स्टँडर्डने गुणाकाराची कुठलीही पद्धत सक्तीची केलेली नाही. निकष ठरवा, ते लिहून ठेवा आणि त्यावरून महत्त्वाचे आस्पेक्ट निवडा, एवढंच सांगितलंय. तरीही सगळीकडे तीव्रता गुणिले शक्यता असं कोष्टक एकमेकांचं बघून उतरवलेलं असतं. आता बघा: गाळाच्या टाकीत सडून तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड. तीव्रता ५, शक्यता १, गुण ५. ब्लोअरचा आवाज: तीव्रता २, शक्यता ४, गुण ८. म्हणजे माणूस मारणारा वायू आवाजाच्या खाली! आणि हा वायू जास्त प्रमाणात असला की वाससुद्धा येईनासा होतो. टाकी साफ करायला उतरलेली माणसं, मग त्यांना काढायला उतरलेली माणसं, अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. ‘तो सेफ्टीचा विषय, पर्यावरणाचा नाही’ असं सांगून ही ओळ काढून टाकलेली पाहिली की मला फार वाईट वाटतं. गाळ सडू दिला हा पर्यावरणाचाच आस्पेक्ट आहे.

म्हणून माझा आग्रह असतो की कायद्याचं बंधन असलेले आणि आणीबाणीचे आस्पेक्ट गुणाकारात घालूच नयेत, ते थेट महत्त्वाचे धरावेत. आणि गुण देताना ‘ईटीपी आहे’ असं धरून आधीच कमी करू नयेत. ईटीपी बंद पडला तर काय होईल, यावर गुण द्या.

ब्लोअरबद्दल: व्याख्येप्रमाणे इम्पॅक्ट हानिकारक असतो तसाच हितकारकही असू शकतो. ब्लोअरच्या एकाच ओळीत दोन्ही लिहा. मग उद्दिष्ट ‘वीज कमी करा’ असं राहत नाही, ‘काढलेल्या दर किलो सीओडीमागे किती युनिट वीज लागली’ असं होतं. ब्लोअर बंद ठेवला तर सीओडीच निघत नाही, आकडा सुधारण्याऐवजी बिघडतो.

यंत्रमाग

ताई, कागदावर बरोबर आहे. पण तुमच्या भागाकारासाठी ईटीपीत येणाऱ्या पाण्याचा सीओडी रोज खरा मोजायला हवा. बाहेर जाणाऱ्या पाण्यावर निदान मोठ्या कारखान्यांत ऑनलाइन मीटर आहेत. आत येणाऱ्या पाण्याचा आकडा कोण तपासतो? तो वाढवून लिहिला की तुमचं गुणोत्तर झकास दिसणार. पळवाट बुजवता बुजवता नवी तयार होतेय.

खाडीकाठ

तुमची सगळी चर्चा कंपाउंडच्या भिंतीच्या आत चाललीय. मी पालघरच्या किनाऱ्यावरचा आहे, मासेमारी करणाऱ्या घरातला.

२०१८ च्या सीईपीआय (औद्योगिक भागांच्या प्रदूषणाचा निर्देशांक) यादीत तारापूर देशात पहिल्या क्रमांकावर होतं. त्याआधी २०१६ साली मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला हरित लवादाकडे जावं लागलं. तिथल्या बहुतेक कारखान्यांच्या रजिस्टरमध्ये ‘सांडपाणी सीईटीपीला (अनेक कारखान्यांच्या सामायिक ईटीपीला) पाठवलं’ इथे ओळ संपत असेल, असं मला वरच्या चर्चेवरून वाटतं. आमची ओळ तिथून सुरू होते. पाइपलाइन, चेंबर, ती फुटली की खाजण, मग नवापूरचा समुद्र.

आता साधा हिशेब करा. सीओडीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम. तारापूरच्या जुन्या सीईटीपीची क्षमता दिवसाला २५ दशलक्ष लिटर. समजा प्रत्येक थेंब नियमात बसला, कुणीही काहीही चोरलं नाही. तरी दिवसाला ६,२५० किलो सीओडी एका ठिकाणी समुद्रात जातो. रजिस्टरमध्ये ‘मर्यादेत’ असं लिहिलं की इम्पॅक्ट शून्य होतो का? माशाला मिलिग्रॅम कळत नाही, त्याच्या खाडीत एकूण किती आलं ते कळतं. प्रवाह यांनी गाळाची आणि हवेची पानं जरूर लिहावीत, पण खाडीचं पान कोण लिहिणार? भरती-ओहोटी, माशांच्या अंडी घालण्याचे दिवस, कोणत्या पाड्यात कुठली विहीर आहे, हे ज्याला माहीत आहे त्याला रजिस्टर करताना कुणी विचारतं का?

कोइमतूरकर

कामानिमित्त तमिळनाडूत असतो, म्हणून तिरुपूरचं सांगतो. तिथल्या रंगाई कारखान्यांचं पाणी नोय्यल नदीत जायचं आणि ओरातुपाळयम धरणात साठायचं. धरण शेतीसाठी बांधलेलं, पण त्यातलं पाणी शेतकऱ्यांना नकोसं झालं. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नियम न पाळणारे रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला आणि झेडएलडी, म्हणजे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणं, हा तिथला नियम झाला.

नदीसाठी ते आवश्यकच होतं. पण प्रवाह यांचा मुद्दा मला तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. आरओमधून उरलेलं खारं पाणी आटवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, बॉयलरला लाकूड किंवा कोळसा. शेवटी हातात उरतं मिश्र मीठ. ज्यांनी खारं पाणी शुद्ध करून परत रंगाईत वापरलं त्यांचा प्रश्न हलका झाला. ज्यांचं मीठ मिसळलेलं राहिलं ते पोत्यांत भरून शेडमध्ये ठेवतात, आणि हे मीठ पाण्यात विरघळतं, त्यामुळे शेडचं छप्पर गळलं तर केलेलं सगळं काम परत जमिनीत. महाराष्ट्रात सरसकट झेडएलडी मागणाऱ्यांनी मिठाची ओळ आधी लिहावी.

खाडीकाठ

नोय्यलकाठच्या शेतकऱ्याला विचारलंत तर तो बॉयलरचा धूर पत्करेल असं मला वाटतं. मिठाच्या पोत्यांवर छप्पर घालता येतं, समुद्रावर नाही.

प्रवाह

खाडीकाठ, तुमचा हिशेब मी पूर्ण मान्य करतो. सीईटीपी आपल्या ताब्यात नसला तरी त्यावर प्रभाव टाकता येतो, आणि ६.१.२ मध्ये ताब्यातले तसेच प्रभावाखालचे असे दोन्ही आस्पेक्ट घ्यायला सांगितलेत. त्यामुळे ‘सीईटीपीला पाठवलं’ ही ओळ अर्धवटच म्हणायला हवी. तिथे एकाग्रतेबरोबर रोजचा एकूण भार किलोमध्ये लिहावा. मागच्या टप्प्यातही जावं: कुठल्या उत्पादनातलं पाणी वेगळं काढलं तर मिसळलेल्या पाण्याचा त्रास कमी होईल? जास्त क्षाराचं पाणी बाकीच्यात मिसळून पातळ करणं हा तर मला सगळ्यात घातक आस्पेक्ट वाटतो, कारण त्यात आकडे सुधारतात आणि भार तेवढाच राहतो.

यंत्रमाग, छोट्या युनिटला चाळीस ओळी नकोत. पण चार तरी हव्यात: उघडी टाकी, केमिकलची निवड, पावसातला गाळ, वीज गेल्यावरचे पहिले काही तास. यातली कुठली ओळ तुमच्या ऑपरेटरला निरुपयोगी वाटेल?

ऑडिटवाली

खाडीकाठ यांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. महत्त्वाचे आस्पेक्ट संस्थेतल्या सगळ्या पातळ्यांना कळवा, एवढं ६.१.२ म्हणतं. बाहेर काय सांगायचं ते मुख्यतः कायद्याचं बंधन आणि संस्थेने स्वतः ठरवलेली पद्धत यावर सोडलंय. गावाला रजिस्टर दाखवण्याची सक्ती नाही. पण ४.२ कलमात संबंधित पक्षांच्या गरजा समजून घ्या असं आहे, आणि मच्छीमार तो पक्ष नाही असं कुठलाही कारखाना ऑडिटमध्ये मला पटवून देऊ शकणार नाही. त्या यादीत कोण आहे ते मी दर वेळी विचारते. ‘ग्राहक, बँक, प्रदूषण मंडळ’ एवढंच लिहिलेलं असेल तर निरीक्षण नोंदवते.

खाडीकाठ

निरीक्षण नोंदवल्यावर यादीत ‘मच्छीमार’ शब्द वाढेल. बैठकीत खुर्ची वाढेल का, ते सांगा.

यंत्रमाग

प्रवाह साहेब, चार ओळी चालतील. उघडी टाकी आणि केमिकलची निवड याला माझी ना नाही. पावसातला गाळ आणि वीज गेल्यावरचे तास या दोन तर मी उद्याच लिहायला सांगतो, आमच्याकडे दोन्ही गोष्टी रोजच्या आहेत. जनरेटरवर ब्लोअर आधी की स्टेंटर आधी, हे त्याच ओळीत लिहायला हवं, कारण आज उत्पादनाचं मशीन आधी सुरू होतं.

पण ब्लोअरच्या विजेवर कुठलंही उद्दिष्ट ठेवलेल्या कागदावर मी सही करणार नाही. आत येणाऱ्या पाण्यावर सील केलेला फ्लोमीटर आणि रोजचा नमुना दाखवा, मग बोलू.