मदत हवी आहे : उघडलेले स्वरतंतू पुन्हा मिटतात ते नेमके कशामुळे?

नमस्कार. मी वाचा-भाषा उपचारशास्त्राची विद्यार्थिनी असून स्वरयंत्राचे कार्य अभ्यासताना एका मुद्द्यावर अडले आहे. खालून येणाऱ्या हवेचा दाब वाढला की मिटलेले स्वरतंतू विलग होतात, इथपर्यंत सारे स्पष्ट आहे. शास्त्रज्ञ व्हान डेन बर्ग यांनी 1958 साली मांडलेल्या मायोइलॅस्टिक-एरोडायनॅमिक सिद्धांतानुसार, स्वरतंतूंची लवचीकता आणि अरुंद फटीतून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे घटणारा दाब, म्हणजेच बर्नूली परिणाम, हे दोन्ही मिळून त्यांना पुन्हा जवळ आणतात. परंतु कंपनाच्या उभ्या छेदाच्या आकृत्या क्रमाने पाहिल्या असता, उघडताना आणि मिटतानाही खालची कड आधी हलते व वरची तिच्या मागून येते असे दिसते. त्यामुळे उघडताना फट वरच्या बाजूला निमुळती, तर मिटताना रुंद होते. आतल्या स्नायूवरून बाहेरचे मऊ आवरण लाटेसारखे सरकते, हा भाग मला फार सुंदर वाटतो.

माझा प्रश्न असा, की फटीचा आकार बदलल्यानेच आतला दाब प्रत्येक आवर्तनात (एकदा उघडून मिटण्याच्या फेरीत) कमी-जास्त होत असेल, तर कंपन टिकवून ठेवण्यात एकट्या बर्नूली परिणामाचा वाटा कितपत मानावा? शिवाय उंच पट्टीत स्वरयंत्रातील क्रिकोथायरॉइड नावाचा स्नायू स्वरतंतूंना ताणून पातळ करतो आणि ही लाट क्षीण होते, तेव्हा कंपनाला ऊर्जा कशी मिळत राहते? हा विषय शिकवणाऱ्या किंवा शिकलेल्या सदस्यांनी एक पूर्ण आवर्तन टप्प्याटप्प्याने समजावून सांगितल्यास मी ऋणी राहीन.