मंगळवेढ्यात राहणाऱ्या आईवडिलांना ताजी फुले कशी पाठवावीत?

माणकाठची:

नमस्कार. माझे आईवडील सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याला राहतात आणि मी नोकरीनिमित्त कॅनडात, टोरांटोला असते. येत्या मे महिन्याच्या मध्यावर त्यांच्या लग्नाला ५० वर्षे पूर्ण होत आहेत. मला त्या वेळी रजा मिळणे शक्य नाही, म्हणून निदान त्या दिवशी त्यांच्या हाती ताजी फुले पडावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे. साडी किंवा मिठाई पाठवणे सोपे आहे. परंतु आईला गजऱ्याची आणि वडिलांना निशिगंधाची अतिशय आवड आहे, आणि दोघांनीही आयुष्यभर फुले विकत घेतली ती देवासाठी, स्वतःसाठी क्वचितच.

फुले घरपोच देणाऱ्या बहुतेक संकेतस्थळांवर सोलापूर शहराचा पिनकोड चालतो, मात्र मंगळवेढ्याचा टाकला की सेवा उपलब्ध नसल्याचा संदेश येतो. एका संकेतस्थळाने वडिलांच्या वाढदिवसाला मागणी स्वीकारली होती, पण गुलाबांचा गुच्छ कुरिअरच्या खोक्यातून दुसऱ्या दिवशी पोहोचला तेव्हा पाकळ्या काळवंडलेल्या होत्या आणि वडिलांनी मला वाईट वाटू नये म्हणून फुले छान असल्याचे सांगितले. हे पुन्हा घडू नये. मे महिन्याच्या उन्हात कोणती फुले टिकतील, ती कोठून मागवावीत आणि इतक्या लांबून हे कसे जुळवावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

फुलबाजारी:

ताई, मी पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील फुलबाजारात बरीच वर्षे व्यवहार करतो, त्यामुळे आधी हा माल कसा फिरतो ते सांगतो, म्हणजे अडचण नेमकी कुठे आहे ते तुमच्या लक्षात येईल.

यांपैकी बऱ्याच संकेतस्थळांचे स्वतःचे फुलांचे दुकान नसते. तुमची मागणी घेऊन, आपला वाटा कापून, ती त्या त्या शहरातील एखाद्या दुकानदाराकडे सोपवली जाते आणि तो त्याच्याकडे त्या दिवशी असलेल्या फुलांतून चित्राच्या जवळपास जाणारा गुच्छ बांधतो. जिथे असा दुकानदार जोडलेला नाही, तिथे मागणी नाकारतात किंवा मोठ्या शहरातून कुरिअरने पाठवतात. गुलाब हे शीतगृहात दोन ते चार अंशांवर ठेवलेले फूल असते. तळेगाव दाभाडे आणि मावळ परिसरातील पॉलीहाउसमधून निघालेला गुलाब थंड गाडीतून जातो तोवर ठीक असतो. पण तोच गुलाब सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात बंद खोक्यात अडकला, की थंड पाकळ्यांवर दव धरते, त्यावर बुरशी येते आणि मान मोडून फूल खाली लोंबते. तुमच्या वडिलांच्या गुच्छाचे बहुधा हेच झाले असावे.

मंगळवेढ्यासारख्या गावात गुच्छ बांधणारा कारागीर सहसा नसतो, पण हारवाला निश्चित असतो, आणि त्याचा हात शहरातल्या गुच्छवाल्यापेक्षा कितीतरी अधिक बसलेला असतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की त्याला न येणारी वस्तू त्याच्याकडून मागू नये. त्याच्या हातातली कला मागावी. हार, गजरे, वेणी, सुटी फुले आणि निशिगंधाच्या काड्या एवढ्यात तुमचा समारंभ सुंदर साजरा होईल. शिवाय तुमच्या नशिबाने तारीख मे महिन्यातली आहे, म्हणजे मोगऱ्याचा भर हंगाम. मोगऱ्याची कळी पहाटे, पूर्ण भरलेली पण मिटलेली असताना तोडतात आणि ती संध्याकाळी उमलते. तेव्हा सकाळी ओवलेला गजरा कळ्यांचाच असावा असा आग्रह धरा. सकाळीच उमललेला मोगरा कोणी दिला, तर तो आदल्या दिवशीचा असून दुपारपर्यंत तपकिरी पडणार हे समजून घ्या.

निशिगंधात सिंगल आणि डबल असे दोन प्रकार बाजारात येतात. सुवास सिंगलला अधिक असतो आणि हारासाठी त्याचीच सुटी फुले वापरतात. डबलच्या काड्या फुलदाणीत भरदार दिसतात. वडिलांना सुवास प्रिय असेल तर सिंगलच्या काड्या मागा, आणि खालची दोन-तीन फुलेच उमललेली व वरच्या कळ्या मिटलेल्या असाव्यात असे सांगा, म्हणजे त्या खालून वर क्रमाने उमलत आठवडाभर घरात राहतील. रंग हवा असेल तर जरबेरा चालेल. तो पुण्याकडून रात्रीच्या गाडीने सोलापुरात पोहोचतो. मात्र त्याला गंध नसतो, म्हणून तुमच्या घरासाठी तो मी सुचवणार नाही.

एक सावधगिरी हवी. मे महिना लग्नसराईचा असतो, मुहूर्ताच्या दिवशी सर्व हारवाले नवरानवरीच्या हारांत गुंतलेले असतात आणि भावही चढलेले असतात. पंचांग पाहून तुमच्या तारखेला दाट मुहूर्त आहे का ते तपासा आणि असल्यास चार-पाच दिवस आधी आगाऊ रक्कम देऊन मागणी पक्की करा.

पंढरपूरकर:

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मंगळवेढा पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे आणि दिवसभर एसटीच्या फेऱ्या चालू असतात. गावातल्या हारवाल्याकडे मनासारखा माल नसल्यास पंढरपूरची वाट मोकळी आहे. विठ्ठल मंदिराच्या परिसरात तुळशीच्या माळा, फुलांचे हार आणि सुट्या फुलांची विक्री रोज पहाटेपासून होते, कारण इथे फुलांचा खप सणापुरता नसून नित्याचा आहे. मात्र एकादशी आणि तिच्या आगेमागचे दिवस टाळता आले तर उत्तम, कारण त्या गर्दीत एखाद्या घरगुती मागणीकडे लक्ष देणे विक्रेत्याला कठीण जाते.

तुमच्या आईला मात्र एक गोष्ट विचारून घ्या. देवपूजेची फुले त्यांच्याकडे रोज कोण आणून देते? आपल्या भागात बहुतेक जुन्या घरांना फुलांचा रतीब असतो. कोणीतरी सकाळी पुडी दारात अडकवून जाते आणि महिन्याला हिशेब होतो. तोच माणूस तुमचा सर्वांत भरवशाचा दुवा आहे. त्याला घर ठाऊक आहे, घरात कोणत्या वेळी जाग असते ते ठाऊक आहे, आणि आपल्या रोजच्या गिऱ्हाइकाच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आहे असे कळल्यावर तो निवडून फुले आणील. परक्या माणसाला पत्ता समजावत बसण्यापेक्षा हे पुष्कळ बरे.

हार मागवताना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. लग्नातले हार अलीकडे फार जड करतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या मानेला ते सोसत नाहीत. दोघांसाठी सारख्या लांबीची, एकेरी ओवलेली, हलकी जोडी मागा आणि त्यात चमकी किंवा रंग फवारलेली फुले नकोत असे बजावून सांगा.

माणकाठची:

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. आईशी बोलले, गल्लीत रतीब घालणाऱ्या मावशी आहेत आणि त्यांचा मुलगा चौकात हाराचे दुकान चालवतो, असे तिने सांगितले. कशासाठी विचारते आहे हे मी तिला कळू दिले नाही. गावातला चुलतभाऊ त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलायला तयार आहे. आता दोन शंका उरल्या आहेत. औक्षण आणि हार घालण्याचा कार्यक्रम संध्याकाळी सातला करायचा आहे, तर सकाळी आलेली फुले दिवसभर कशी सांभाळावीत? दुपारी वीज जाण्याचा संभव असतो. आणि पैसे भावामार्फत द्यावेत की मला येथून थेट देता येतील?

ओंजळ:

फुले सांभाळण्याबद्दल मी सांगते, कारण आमच्या घरी परसातल्या फुलांवरच लहानाची मोठी झाले.

मुळात सगळी फुले सकाळी मागवू नका. निशिगंधाच्या काड्या सकाळी येऊ द्या, हार आणि गजरे दुपारी चारनंतर. मोगऱ्याच्या कळ्या मावशींच्या घरीच ओल्या फडक्यात राहतील आणि ओवणे दुपारी होईल, असे भावाला ठरवून घ्यायला सांगा. हार घरी आल्यावर केळीच्या पानावर पसरून वर पिळलेले ओले सुती कापड घालावे आणि घरातील सर्वांत थंड खोलीत, जमिनीवर ठेवावेत. पाणी शिंपडण्याचा मोह आवरावा. पाकळ्यांत पाणी साचले की मोगरा लवकर डागाळतो. गजरे झाकणाच्या डब्यात ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या, भाजीच्या कप्प्यात ठेवले तर वीज तासभर गेली तरी बिघडत नाही.

दोन गोष्टी लोकांच्या ध्यानात राहत नाहीत. मे महिन्यात ज्या खोलीत आंब्याची अढी घातलेली असते, तिथे फुले अजिबात ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो आणि त्याने फुले वेळेआधी कोमेजतात. फ्रिजमध्ये पिकलेले आंबे असतील तर तेही त्या दिवसापुरते बाहेर काढावेत. दुसरे म्हणजे कूलर. त्याच्या थेट झोतात फुले गार राहतील असे वाटते, प्रत्यक्षात त्या वाऱ्याने ती सुकतात.

निशिगंधाच्या काड्यांची टोके धारदार सुरीने तिरपी कापावीत, पाण्यात बुडणारी पाने काढावीत, पाणी रोज बदलावे आणि दर दोन दिवसांनी टोक पुन्हा थोडे कापावे. साखर घालण्याचा सल्ला अनेक जण देतात, परंतु नुसत्या साखरेने पाण्यात जंतू वाढतात आणि देठ बुळबुळीत होतात. घासून स्वच्छ केलेले भांडे आणि ताजे पाणी एवढे पुरेसे आहे. खालची सुकलेली फुले खुडत गेले की वरच्या कळ्या चांगल्या उमलतात, आणि हे काम तुमच्या वडिलांना आवडेल असे मला वाटते.

सागरापार:

पैशांबद्दल लिहितो. २०२३ पासून कॅनडासह काही निवडक देशांतील अनिवासी भारतीयांना तेथील मोबाइल क्रमांक वापरून, आपल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून (ही अनिवासींसाठीची भारतातील बँक खाती) यूपीआयने पैसे देण्याची मुभा मिळाली आहे. तुमच्या बँकेने ही सोय सुरू केली आहे का ते आधी विचारून घ्या. नसेल तर भावाकडे एकरकमी पाठवून त्याने रोख देणे सर्वांत सरळ. आगाऊ रक्कम आधी द्यावी आणि उरलेली फुले पाहून द्यावी. लग्नसराईत कोणी थोडे जास्त मागितले तर घासाघीस करू नये, ही माझी विनंती. पहाटे मळ्यातून फुले आणून दिवसभर ओवणाऱ्या हातांना तेवढे मिळायला हवे.

वेळेचे गणितही लिहून ठेवा. मे महिन्यात टोरांटोचे घड्याळ भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असते. मंगळवेढ्यात सकाळचे सात वाजतात तेव्हा तुमच्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, म्हणजे सकाळच्या काड्यांचे छायाचित्र मागवून पाहणे तुम्हाला झोपण्यापूर्वी सहज जमेल. संध्याकाळी सातचा कार्यक्रम मात्र तुमच्या सकाळच्या साडेनऊला येतो. कामावर तेवढ्या तासाची सवलत आजच मागून ठेवा.

पंढरपूरकर:

मावशींशी बोलणी होणारच आहेत, तर त्याच वेळी आणखी एक विचारून पाहा. देवाच्या पुडीबरोबर मोगऱ्याचा एक गजरा पावसाळा लागेपर्यंत रोज देता येईल का, आणि त्याचा महिन्याचा हिशेब तुमच्या नावावर वेगळा ठेवता येईल का. मृगाचा पाऊस सुरू झाला की मोगरा कमी होत जातो, तोवर मधले तीन-चार आठवडे तुमच्या आईला रोज गजरा मिळेल. मात्र देवाच्या फुलांचे पैसे आईच देतील, ते तुम्ही देऊ नका. त्यांना ते रुचणार नाही.