फिनलंड नाटोत गेला, ते बरोबर होतं का?

रानवारा (धागाकर्ता)

मी लाप्पेनरांता या गावात राहतो. रशियाची हद्द इथून तीसेक किलोमीटरवर. आमच्या इमारतीच्या तळघरात सायकली ठेवायची खोली आहे, तिला जाड पोलादी दार. राहायला आलो तेव्हा घरमालकीणबाईंनी सांगितलं होतं, सरकारचा हुकूम निघाला तर ७२ तासांत सायकली बाहेर आणि माणसं आत. देशात अशी साडेपन्नास हजार निवारास्थानं आहेत, ४८ लाख लोकांना पुरतील इतकी. लोकसंख्या जेमतेम ५६ लाख.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या मित्राशी फोनवर कडाक्याचा वाद झाला. त्याचं म्हणणं, फिनलंडने ४ एप्रिल २०२३ला नाटोत जाऊन स्वतःच्या दारात भांडण आणलं. मला ते पटत नाही. १९३२ साली फिनलंड आणि सोव्हिएत संघ यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला होता. नोव्हेंबर १९३९मध्ये सोव्हिएत हद्दीतल्या मैनिला गावात तोफगोळे पडले, मॉस्कोने ठपका फिनलंडवर ठेवला आणि चार दिवसांत हल्ला केला. राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) सोव्हिएत संघाला काढून टाकलं, त्यापलीकडे काही नाही. स्वीडनहून स्वयंसेवक आणि शस्त्रं आली, सैन्य आलं नाही. ब्रिटन-फ्रान्सची फौज येणार येणार म्हणता १०५ दिवसांत युद्धच संपलं. सोव्हिएत संघाला द्यावा लागला त्या कारेलिया भागातल्या चार लाखांहून जास्त लोकांना घरदार सोडावं लागलं. माझ्या शेजारच्या आजी त्यातल्याच, तेव्हा चार वर्षांच्या होत्या. एकटं पडणं म्हणजे काय, ते या देशाला माहीत आहे. म्हणून माझ्या मते निर्णय बरोबर. तुम्हाला काय वाटतं?

होकायंत्र

असहमत. तुम्ही १९३९ सांगितलंत, पण सोव्हिएतांशी दुसरं युद्ध १९४४ला संपलं त्यानंतरचं सोडून दिलंत. पुढची ७५हून जास्त वर्षं त्या सीमेवर युद्ध झालं नाही आणि ते नाटोमुळे नव्हे. पासिकिवी आणि केक्कोनेन या दोन राष्ट्राध्यक्षांनी मॉस्कोशी बोलणं कधी तुटू दिलं नाही. १९४८चा मैत्री करार झाला. हेलसिंकीच्या कुशीतला पोर्क्कालाचा नाविक तळ सोव्हिएतांना ५० वर्षांसाठी दिलेला होता, तो १९५६ला परत मिळाला, एकही गोळी न झाडता. १९७५ला अमेरिका, सोव्हिएत संघ आणि जवळजवळ सगळा युरोप हेलसिंकीत एका टेबलावर बसला, कारण ती जागा दोघांनाही चालत होती.

आता काय आहे? नाटोची रशियाशी असलेली सीमा एका सहीने दुपटीहून जास्त झाली, फिनलंडचीच १,३४० किलोमीटर. अमेरिकेशी झालेल्या संरक्षण करारात १५ ठिकाणं तिच्या सैन्याला वापरायला खुली. उत्तरादाखल रशियाने फिनलंडला लागून असलेला लेनिनग्राड लष्करी विभाग पुन्हा उभा केला. एकाने कुंपण उंच केलं की दुसरा भिंत बांधतो.

उंबरठा

होकायंत्र, त्या शांततेची किंमतही सांगा ना. ऑक्टोबर १९६१मध्ये मॉस्कोने पत्र पाठवून लष्करी सल्लामसलतीची मागणी केली. केक्कोनेन थेट सायबेरियात जाऊन ख्रुश्चेवना भेटले आणि निवडणुकीत त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या ओलावी होंका यांनी माघार घेतली. शेजाऱ्याच्या पत्राने तुमच्या निवडणुकीतला उमेदवार बाजूला होतो, याला मी शांतता म्हणणार नाही. वृत्तपत्रं काय छापायचं ते आधीच जपून ठरवायची. जर्मनांनी या सगळ्याला 'फिनलंडीकरण' असा शब्दच काढला, आणि तो फिनिश माणसाला अजून झोंबतो.

आणि नाटो-रशिया सीमा २०२३मध्ये अचानक उगवलेली नाही. नॉर्वे १९४९पासून नाटोत आहे आणि तिची हद्द रशियाला लागूनच आहे. फेब्रुवारी २०२२आधी फिनलंडमध्ये नाटोला जेमतेम पाव लोकांचा पाठिंबा होता. युक्रेनवर रणगाडे चालून गेले आणि तो काही आठवड्यांत कितीतरी वर गेला. संसदेत नाटोत जाण्याच्या बाजूने १८८, विरोधात ८. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष नीनिस्तो रशियाला उद्देशून म्हणाले ते आठवा: हे तुम्हीच घडवलंत, आरशात बघा.

माजघर

मला दोघांचंही अर्धं पटतं, पण माझी काळजी तिसरीच आहे. रशियाविषयी बोलता, अमेरिकेविषयी कोणी बोलत नाही. नाटोचं कलम ५ मी नीट वाचलंय. एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला, इथवर सगळ्यांना पाठ असतं. पुढे लिहिलंय की प्रत्येक देश त्याला आवश्यक वाटेल ती कृती करेल. 'वाटेल ती' यातच सगळं आलं. हे कलम आजवर एकदाच लागू झालं, तेही २००१ला अमेरिकेवर हल्ला झाला तेव्हा, आणि युरोप तिच्या मदतीला गेला.

ट्रम्प २०२४च्या प्रचारसभेत म्हणाले, जे देश पैसे भरत नाहीत त्यांच्याशी रशियाला हवं ते करू दे. जानेवारी २०२५मध्ये ग्रीनलंडसाठी लष्करी बळ वापरणार नाही असं सांगायला त्यांनी नकार दिला. ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्यात येतं आणि डेन्मार्क नाटोचा संस्थापक सदस्य आहे! फिनलंडने ६४ एफ-३५ लढाऊ विमानं मागवलीत. त्यांचं सॉफ्टवेअर आणि सुट्या भागांचा पुरवठा यांवर ताबा अमेरिकेचा. ज्याच्या हातात किल्ली त्याच्यावर इतका भरवसा?

रानवारा

माजघर, तुमचा मुद्दा मला रात्री झोपू देत नाही, खरंच. म्हणूनच मला कलम ३ जास्त महत्त्वाचं वाटतं: आधी स्वतःची ताकद राखा. शीतयुद्ध संपल्यावर युरोपातल्या बहुतेक देशांनी सक्तीची लष्करसेवा थांबवली, फिनलंडने चालू ठेवली. युद्धकाळात २ लाख ८० हजार सैनिक उभे राहतात. इथे कोणी अमेरिकेच्या भरवशावर शेती सोडून बसलेलं नाही.

होकायंत्र, एक मात्र तुमचं मान्य करतो. २०२३च्या अखेरीस पूर्वेकडची नाकी बंद झाली. आमच्या बाजारात पूर्वी अर्धी गिऱ्हाईकं सेंट पीटर्सबर्गची असायची, ती गेली आणि दुकानंही बंद पडली. माझ्या सहकारीण बाई रशियन भाषक, आई पलीकडे विबोर्गला. इथून तासाभराची वाट होती. आता त्या इस्तंबूलमार्गे जातात. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

होकायंत्र

मोकळेपणाने लिहिलंत, आभार. पण मग एक सांगा. नाटोची छत्री इतकी पक्की असेल, तर फिनलंड भूसुरुंगबंदीच्या ओटावा करारातून बाहेर का पडला? जानेवारी २०२६पासून तो त्या करारात नाही. सुरुंग सैनिक आणि मूल यांत फरक करत नाही. युतीत गेल्यावर माणूस निर्धास्त व्हायला हवा, इथे तर शस्त्रं वाढतच चाललीत.

रानवारा

सुरुंगांचा निर्णय मलाही बोचतो. कारण मात्र कळतं. मदत आली तरी पोहोचायला दिवस लागतात आणि तोवर या जंगलात इथलीच माणसं असतात. आमच्या कंपनीतला एक जण ४६ वर्षांचा आहे, दोन मुलांचा बाप. मागच्या महिन्यात त्याला राखीव सैनिकांच्या उजळणी शिबिराचं पत्र आलं. मी विचारलं, आता नाटो आहे, तरी तुला का बोलावतात? तो म्हणाला, "माझे आजोबाही वाट बघत होते, फ्रेंच कधी येतात म्हणून." मग त्याने बूट पिशवीत भरले आणि सोमवारी गेला.