मदत हवी आहे: मखमलीवर शिवताना खाली दोऱ्याचा गुंता होतोय (तातडीचे!)

अर्धीशिवण (रात्री १०:४८)
सणाला नऊ दिवस राहिलेत. पाच फ्रॉक शिवायचेत, सगळे एकाच मखमलीचे, पाचही भाच्यांना सारखे. (हो, मीच कबूल केलं होतं. उन्हाळ्यात. तेव्हा सोपं वाटलं होतं.) तीन दिवस झाले, पहिल्याच फ्रॉकवर अडकलेय. खालच्या बाजूला दोऱ्याचा असा गुंता होतो की कापड मशीनमध्येच अडकतं, कात्रीने सोडवावं लागतं. वरून टाका बरा दिसतो. टेन्शनचं चाक (वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणारं) १ पासून ९ पर्यंत सगळीकडे फिरवून झालं. कोणीतरी पटकन सांगा, काय करू?

सुईदोरा (रात्री १०:५५)
मशीन कोणती? सुई कितीची? दोरा कोणता? खालच्या दोऱ्याची रीळ, म्हणजे बॉबिन, वरून टाकायची की समोरून? मखमल ताणणारी की न ताणणारी? "पटकन सांगा" म्हणता आणि सांगत काहीच नाही.

जुनेजाणते (रात्री ११:०२)
मशीनला तेल घाला. नव्वद टक्के तक्रारी तेलाच्या असतात. शटल काढून साफ करा, मशीनचंच पातळ तेल थेंबभर घाला, खोबरेल नाही. आमच्या घरचं मशीन माझ्या आईच्या लग्नातलं, अजून एक टाका सोडत नाही.

अर्धीशिवण (रात्री ११:१०)
तेल मागच्याच आठवड्यात घातलंय. मशीन साधी घरगुती, विजेवरची, समोरून बॉबिन. दोरा पॉलिस्टर. सुई आहे ती.

सुईदोरा (रात्री ११:१२)
"आहे ती" म्हणजे कोणती?

स्क्रूवाला (रात्री ११:१९)
गुंता खाली म्हणजे बॉबिनचा दोरा सैल. बॉबिनच्या डबीवर बारीक स्क्रू असतो, तो अर्धा फेरा घट्ट करा. दोन मिनिटांचं काम आहे, उगाच प्रश्नपत्रिका कशाला?

चिंधीचोर (रात्री ११:२६)
अर्धीशिवण, त्या स्क्रूला हात लावू नका!! खाली गुंता दिसतो तो *वरच्या* दोऱ्याचा असतो. वरचा दोरा सैल पडला की खालून हुक तो भसाभस ओढून घेतं आणि खाली वेटोळी साठतात. डबीचा स्क्रू कारखान्यातून नीट लावलेला येतो. लावायचाच असेल तर आधी फोटो काढून ठेवा आणि घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो त्यापेक्षा जास्त फिरवू नका. अर्धा फेरा म्हणजे काय चेष्टा आहे?

स्क्रूवाला (रात्री ११:३१)
मी पंधरा वर्षं मशीन उघडतोय. "हात लावू नका" हे ज्यांना उघडता येत नाही ते म्हणतात.

चिंधीचोर (रात्री ११:३३)
आणि पंधरा वर्षं लोक तुम्ही उघडलेली मशीन दुसरीकडे दुरुस्तीला नेत असतील.

लवलवती (रात्री ११:४०)
मखमलीला सुलट बाजूने कधीही इस्त्री करू नका. लव दबते आणि इस्त्रीचा ठसा जन्मभर राहतो. खाली मखमलीचाच उरलेला तुकडा लव वर करून ठेवा, त्यावर कापड पालथं घाला आणि नुसती वाफ द्या. शिवणी बोटांनी उघडायच्या, इस्त्रीने दाबायच्या नाहीत. मी एका जॅकेटची वाट लावून हे शिकले, म्हणून सांगते.

अर्धीशिवण (रात्री ११:४४)
इस्त्रीपर्यंत मी पोचलेच नाहीये हो, ताई.

धाग्यातलाधागा (रात्री ११:५२)
धाग्याचा गुंता सोडवायला काढलेला धागाच गुंतणार असं दिसतंय. :)

अवांतर: या गुंत्याचं मूळ बरंच जुनं आहे. हाताच्या सुईला नेढं मागे असतं, मशीनच्या सुईला टोकाशी. टोकाशी नेढं असलेली सुई, खाली शटल आणि दोन दोरे एकमेकांत अडकवणारा टाका, अशा मशीनचं पेटंट एलायस हाउला 1846 मध्ये मिळालं. त्याच्याही आधी, 1830 मध्ये, फ्रान्समध्ये थिमोनिएला साखळी टाक्याच्या मशीनचं पेटंट मिळालं होतं. त्यावर सैनिकांचे गणवेश शिवले जात. पण पोटावर पाय येणार म्हणून शिंप्यांनी 1831 मध्ये त्याचा कारखाना फोडला. म्हणजे दोन दोऱ्यांचा हा संसार जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा आहे. कुरबुरी व्हायच्याच.

अर्धीशिवण (रात्री ११:५५)
मलाही आत्ता फोडावंसंच वाटतंय.

अर्धीशिवण (सकाळी ७:२०)
रात्री स्क्रू फिरवून पाहिला. आता वरूनही वाईट दिसतंय. खालचा दोरा ताठ, सरळ रेघ. गुंता तसाच. धन्यवाद.

चिंधीचोर (सकाळी ७:४१)
सांगितलं होतं.

बरं, तो मूळ जागी कसा आणायचा ते ऐका. बॉबिन भरलेली डबी दोऱ्याने हातात लटकवा. आपोआप घसरत खाली गेली तर सैल. हाताला हलका झटका दिल्यावर चारेक बोटं खाली येऊन थांबली तर बरोबर. झटका देऊनही हललीच नाही तर घट्ट. अगदी थोडं थोडं फिरवून तिथे आणा. वरचं चाक ४ वर ठेवा. साध्या सुती चिंधीवर शिवून पाहा, दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या मधोमध पडली पाहिजे. ती वर दिसली तर वरचा ताण जास्त, खाली दिसली तर वरचा ताण कमी.

स्क्रूवाला (सकाळी ८:०५)
मी अर्धा फेरा म्हटलं होतं, त्यांनी किती फिरवला हे विचारलंत का?

अर्धीशिवण (सकाळी ८:३०)
एक फेरा. अर्ध्याने काही झालं नाही म्हणून. डबीची परीक्षा केली, आता झटक्याने खाली येऊन थांबते. चिंधीवर टाका छान पडतोय, दोन्ही बाजूंनी सारखा. मखमलीवर पुन्हा तेच!! म्हणजे मशीन चांगलं आहे, माझं नशीबच मखमलीचं नाही.

सुईदोरा (सकाळी ८:४४)
आता कुठे कामाची माहिती मिळाली. मखमलीवर *सगळीकडे* होतंय का? बाजूच्या सरळ शिवणीवर? खांद्यावर?

अर्धीशिवण (सकाळी ९:०१)
नाही, बाजूच्या शिवणी झाल्या. खांदेही झाले. कंबरेला जिथे चुण्यांचा घेर जोडायचा तिथेच होतंय. हे आधी सांगायला हवं होतं का?

सुईदोरा (सकाळी ९:०३)
…

जोडफूट (सकाळी ९:१५)
मखमलीला साध्या फूटऐवजी (सुईपाशी कापड दाबून धरतं ते) वॉकिंग फूट लावा. हे फूट वरचं कापडही, कापड पुढे सरकवणाऱ्या खालच्या दात्यांच्या बरोबरीने पुढे नेतं. मी मखमल, कृत्रिम लोकर, गोधडी सगळं त्यानेच शिवते. वॉकिंग फूट नसेल तर मखमल शिवायच्या भानगडीत पडूच नये.

लवलवती (सकाळी ९:२२)
असं काही नाही. पूर्वी लोक काय मखमल शिवत नव्हते? शिवणीच्या दोन्ही बाजूंनी हाताने कच्चं टाचून घ्या, म्हणजे शिवणरेषेच्या आत एक ओळ आणि बाहेर एक ओळ. मखमलीची लव एकमेकींवर चढते, म्हणून टाचण्यांनी भागत नाही, शिवण संपेपर्यंत वरचं कापड बोटभर पुढे गेलेलं असतं. टाका 3 मिमीचा ठेवा, फूटचा दाब कमी करता येत असेल तर करा, आणि लवेच्या दिशेनेच शिवा.

जोडफूट (सकाळी ९:२५)
पाच फ्रॉक हाताने टाचायचे? नऊ दिवसांत?

लवलवती (सकाळी ९:२७)
उसवण्यापेक्षा टाचण्यात कमी वेळ जातो. शिवाय मखमल उसवली की टाक्यांची भोकं दिसतात.

अर्धीशिवण (सकाळी ९:५०)
बोटभर पुढे सरकणं मलाही झालंय, पण ते नंतर बघू. आधी गुंता. अजून एक, कापड आपोआप पुढेही जात नाही तिथे, मलाच मागून ओढावं लागतं. फोटो टाकतेय. गुंता, मशीन, सगळं दिसतंय.

*[फोटो: मशीनवर निळ्या मखमलीचा फ्रॉक, कंबरेच्या शिवणीवर सुई रुतलेली]*

जुनेजाणते (सकाळी १०:०२)
कापड पुढे जात नाही म्हणजे दात्यांत लोकर साठली. सुईखालची पट्टी काढा, ब्रशने साफ करा, तेल घाला.

स्क्रूवाला (सकाळी १०:०६)
किंवा दाते खाली गेलेत. बऱ्याच मशीनना मागे एक खटका असतो दाते खाली करायचा, भरतकामासाठी. पाहा जरा.

जोडफूट (सकाळी १०:०९)
रंग फार सुंदर आहे! घेर किती ठेवलाय?

वाचनमात्र (सकाळी १०:३१)
मी सहसा लिहीत नाही. फोटोत सुईच्या मागे फूट वर-खाली करायचा दांडा दिसतोय. तो वरच आहे.

अर्धीशिवण (सकाळी १०:३८)
फूट खाली आहे हो, कापडाला टेकलंय, फोटोत स्पष्ट दिसतं.

वाचनमात्र (सकाळी १०:४५)
फूट टेकलंय, पण दांडा वर आहे. तिथे मखमल, अस्तर, परत चुण्यांची मखमल, परत अस्तर, इतका थर जमलाय की दांडा वर असतानाच फूटला कापड लागतं. चुण्या आत सरकवताना तुम्ही दांडा नेहमीपेक्षा आणखी वर रेटता का? बऱ्याच मशीनवर तसा रेटता येतो. हात सोडला की तो परत नेहमीच्या 'वर'च्या जागी येतो आणि फूट कापडावर बसतं. आपल्याला वाटतं, खाली आलं.

दांडा वर असला की वरच्या दोऱ्याला धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात, दोऱ्याला ताणच नसतो. चाक १ वर असो की ९ वर. गुंता म्हणूनच. दाबही नाही, मग दाते कापडाला पकडणार कसे? म्हणून तुम्हाला ओढावं लागतं. चिंधी पातळ, तिच्यावर फूट तरंगताना दिसतं, म्हणून तिथे तुमचा हात आपोआप दांड्याकडे जातो.

खात्री करायची तर सुईजवळचा दोरा हाताने ओढून बघा. सुळकन आला तर दांडा वर आहे. दांडा खाली केला की ओढायला जोर लागेल.

सुईदोरा (सकाळी १०:४८)
अरेच्चा. होय की.

अर्धीशिवण (सकाळी ११:१५)
सुळकन आला.

दांडा खाली केला. कंबर पूर्ण झाली. एका दमात. गुंता नाही. मी इथे बसून हसतेय की रडतेय मलाच कळत नाहीये. तीन दिवस!! वाचनमात्र, तुम्ही सहसा लिहीत नाही हे फार चूक करता.

धाग्यातलाधागा (सकाळी ११:२०)
काखेत कळसा, आणि गावभर स्क्रूड्रायव्हर.

स्क्रूवाला (सकाळी ११:२४)
दात्यांना पकड नाही हे मीच आधी म्हटलं होतं.

चिंधीचोर (सकाळी ११:२५)
आणि वरचा दोरा सैल हे मी.

जुनेजाणते (सकाळी ११:४०)
चांगलं झालं. पण साफसफाई कराच. मखमलीची लव कापताना भुकटीसारखी झडते आणि हुकात जाऊन बसते. दर फ्रॉकनंतर ब्रश फिरवा. तेल नका घालू हवं तर.

अर्धीशिवण (दुपारी २:०५)
दुसरा फ्रॉक सुरू केला. काका, खरंच डबीखालून निळी वातच निघाली. आता एक किरकोळ प्रश्न, मध्येच एखादा टाका सुटतोय. मोजून तीन-चार.

सुईदोरा (दुपारी २:१०)
सुई कितीची?

अर्धीशिवण (दुपारी २:१४)
मशीनसोबत आली होती ती.

सुईदोरा (दुपारी २:१६)
मशीन कधी घेतलं?

अर्धीशिवण (दुपारी २:१९)
चार वर्षं झाली.

सुईदोरा (दुपारी २:३०)
ताई, सुई आठेक तास शिवून झाली की बदलायची असते. चार वर्षांत तिचं टोक राहिलंय का, नखावर घासून बघा. मखमल विणीची, न ताणणारी असेल तर 90/14 ची साधी सुई लावा (90 म्हणजे सुईची जाडी 0.9 मिमी). ताणणारी असेल तर गोल टोकाची, स्ट्रेचची लावा, नाहीतर टाके सुटतच राहणार. आडवी ओढून बघा, रबरासारखी येते का? आणि लावताना सुईची सपाट बाजू तुमच्या मशीनला मागे, शेवटपर्यंत वर सरकवून मग स्क्रू घट्ट. औद्योगिक मशीनची, गोल दांड्याची सुई आणू नका, ती तुमच्या मशीनसाठी नसते.

अर्धीशिवण (संध्याकाळी ६:५०)
ताणत नाही. 90/14 लावली, टाके सुटायचे थांबले. जुनी सुई नखावर अक्षरशः खरडते. लवलवती ताई, तुमच्या दोन ओळी टाचून पाहिल्या, कड अजिबात सरकली नाही. जोडफूट, माफ करा.

जोडफूट (संध्याकाळी ६:५८)
पाच फ्रॉक होऊ द्या, मग बोलू.

अर्धीशिवण (तिसऱ्या दिवशी, रात्री ९:३५)
तीन झाले. चौथ्याचं काम चालू. पण पाचव्याची पाठ उजेडात धरली तर बाकीच्या कापडापेक्षा फिकट दिसते. हात फिरवून पाहिला, लव उलटी आहे. कापताना जागा वाचवायला मीच तो तुकडा उलटा ठेवला होता. उरलेल्या कापडात दोन बाह्यासुद्धा निघणार नाहीत.

सुईदोरा (रात्री ९:४१)
उरलंय किती? मापं द्या. फ्रॉक कितव्या वर्षाचा?

लवलवती (रात्री ९:५०)
लव वर जाणारी असली की रंग गडद दिसतो, खाली जाणारी असली की उजळ. एकाच फ्रॉकवर दोन्ही आले तर बाजूच्या शिवणीवर फरक डोळ्यात भरतो, तो लपत नाही. लपवू नका. अस्तराचं साटीन उरलंय का?

अर्धीशिवण (रात्री ९:५४)
साटीन भरपूर आहे.

लवलवती (रात्री ९:५८)
मग पाठ साटीनचीच करा, आणि बाजूच्या शिवणीत साटीनचीच पायपिंग घाला, म्हणजे मुद्दाम केलंय असं दिसेल. हा फ्रॉक सगळ्यात धाकटीला द्या. सगळ्यात थोरली असते ती मोजून बघते.

अर्धीशिवण (रात्री १०:०३)
थोरलीला पाचवाच आवडणार, मला माहितीये. साटीन कापायला घेते.