मदत हवी आहे: एलमन पद्धतीत ब्लँक चढतोय, कंट्रोलचे आकडे पावपट येताहेत

मोरार_पिपेट
ग्वाल्हेरहून विचारतेय. रॅटच्या मेंदूतलं एसिटिलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम एलमनच्या रंगपद्धतीने ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटवर मोजायचंय. ०.१ मोलर फॉस्फेट बफर, पीएच ८. एका वेलमध्ये बफर १७५ मायक्रोलिटर, होमोजिनेट (बफरमध्ये वाटलेलं ऊतक, मिलिलीटरला २० मिग्रॅ) १०, थायोलशी पिवळा रंग देणारं डीटीएनबी (०.०१ मोलर) १०, शेवटी सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम जे फोडतं ते एसिटिलथायोकोलिन आयोडाइड (०.०७५ मोलर) ५. एकूण २००. तरंगलांबी ४१२ नॅनोमीटर, हिशेब ०.०००५७४ च्या सूत्राने.
कंट्रोलचे (कीटकनाशक न दिलेल्या रॅटचे) आकडे छापील आकड्यांच्या पावपट येतात. होमोजिनेट नसलेला ब्लँकही चढत राहतो. आणि कॉर्टेक्सचे (मेंदूच्या बाहेरच्या थराचे) कंट्रोल एकमेकांशी जुळत नाहीत, कधीकधी दुपटीचा फरक. डीटीएनबी नवीन बाटलीतलं आहे.

जुना_क्युव्हेट
डीटीएनबीला दोष देऊ नका, घोळ सूत्रात आहे. ०.०००५७४ हा आकडा एलमन यांच्या १९६१ च्या कृतीपुरताच खरा. तिथे ३.१२ मिलिलीटरमध्ये ०.४ मिलिलीटर होमोजिनेट होतं, प्रकाशमार्ग १ सेंटिमीटर आणि रंगाचा शोषण-गुणांक १३,६००. तुमच्याकडे २०० मध्ये १०, म्हणजे २० पट विरलन, त्यांचं ७.८ पट. शिवाय २०० मायक्रोलिटरच्या वेलमध्ये द्रवाची उंची जेमतेम ०.६ सेंटिमीटर भरते. दोन्ही धरून तुमचा स्थिरांक ०.००२४५ च्या आसपास येतो, म्हणजे सव्वाचार पट. पावपट आकड्यांचं कोडं तिथेच सुटतं.
उंची अंदाजाने धरू नका. नुसता बफर भरून ९७७ आणि ९०० नॅनोमीटरला वाचा, फरकाला ०.१८ ने भागलं की सेंटिमीटर मिळतात. गुणांकही नंतर सुधारून २५ अंशांना १४,१५० धरला गेलाय. कोणता वापरला ते प्रबंधात लिहा, नाहीतर परीक्षक विचारतीलच.

शिंदे_छावणी
ब्लँकचं कारण तुमच्याच आकड्यांत आहे. ०.०७५ मोलर सबस्ट्रेटचे ५ मायक्रोलिटर २०० मध्ये म्हणजे १.९ मिलिमोलर. मूळ कृतीत ०.४८ होतं. पीएच ८ ला ते एन्झाइमशिवायही फुटतं आणि जितका जास्त घालाल तितका ब्लँक चढतो. साठा चौपट पातळ करा, ५ मायक्रोलिटरच घाला. अतिरिक्त सबस्ट्रेट या एन्झाइमला स्वतःच अडवतं, तेही टळेल.
त्यात आपल्याकडचा मे महिना! सबस्ट्रेट त्याच दिवशी बनवा, बर्फात ठेवा, रीडर २५ किंवा ३७ अंशांवर बांधून घ्या. ‘खोलीचं तापमान’ असं लिहिलेली कृती इथे चालत नाही. प्रत्येक प्लेटवर होमोजिनेट नसलेला ब्लँक ठेवून त्याचा उतार वजा करा.

मेंदू_मोजणी
कॉर्टेक्सच्या फरकाबद्दल. मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम या भागात हे एन्झाइम कॉर्टेक्सपेक्षा कितीतरी जास्त असतं. कापताना त्याचा लहानसा तुकडा जरी सोबत आला, तरी कंट्रोल उडतो. आधी कापणीच्या सीमा तपासा. मेंदू गार सलाइनने धुऊन घ्या, रक्तातलं हिमोग्लोबिन ४१२ लाच शोषतं.
दुसरं, ऊतकातले स्वतःचे थायोलगट डीटीएनबीशी लगेच रंग देतात. होमोजिनेट आणि डीटीएनबी ५ ते १० मिनिटं एकत्र ठेवा, रेषा सपाट झाल्यावरच सबस्ट्रेट घाला. पहिल्या २-३ मिनिटांचा सरळ उतार घ्या, शेवटचं वाचन नव्हे.

मोरार_पिपेट
धन्यवाद सगळ्यांना! सबस्ट्रेट पातळ करून उद्या प्लेट लावते. आणखी एक: नळीत थेट क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक घातलं तर एन्झाइमच्या कामात जवळजवळ काहीच घट दिसत नाही, पाजलेल्या रॅटमध्ये मात्र दिसते. नमुना खराब आहे का?

जुना_क्युव्हेट
नमुना ठीक आहे, ताई. उलट नळीत भरपूर घट दिसली असती तर भेसळीची शंका घ्यायला हवी होती. क्लोरपायरिफॉस स्वतः दुबळं. यकृतातली पी-४५० एन्झाइमं गंधकाच्या जागी ऑक्सिजन बसवून त्याचं ऑक्सॉन करतात, आणि ते कोलिनेस्टरेजला पक्कं चिकटतं. नळीत यकृत कुठलं?

शिंदे_छावणी
पुढे कार्बामेट गटाच्या कीटकनाशकांवर काम करणार असाल तर तिथे हे गणित उलटतं. त्यांचं एन्झाइमशी बंधन आपोआप सुटतं, त्यामुळे नमुना फार पातळ केला किंवा प्लेट तासभर पडून राहिली तर घट नाहीशी होते.
आणि होमोजिनेटमध्ये ट्रायटन (डिटर्जंट) घालत असाल तर प्रथिनं ब्रॅडफोर्ड पद्धतीने मोजू नका, बीसीए पद्धत घ्या.