मदत हवी आहे: आठवीच्या ६४ मुलांचं इंग्रजी नेमकं कसं तपासू?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला सातपूरच्या बाजूला मराठी माध्यमाच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. यंदा आठवीच्या दोन तुकड्या मिळून ६४ मुलं माझ्याकडे आहेत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांची चाचणी घ्या आणि जादा तासाला कोणाला बसवायचं ते ठरवा, असं मुख्याध्यापकांनी सांगितलंय. तासिका मिळताहेत, कुणाची आडकाठी नाही. पण गेल्या वर्षी हीच चाचणी मी घेतली होती आणि ती साफ चुकली. तेच पुन्हा होऊ नये म्हणून हा धागा.

काय झालं ते सांगते. पेपर ४० गुणांचा होता. व्याकरणाला वीस, शब्दांना पंधरा, उच्चारांना पाच. वर्गात पेठ तालुक्यातली एक मुलगी होती, वसतिगृहात राहणारी. घरी कोकणा बोलतात, शाळेत मराठी, म्हणजे इंग्रजी तिची तिसरी भाषा. तिला ९ गुण पडले. मी तिला जादा तासाला सगळ्यात खालच्या गटात बसवलं. ऑगस्टमध्ये शाळा बघायला परराज्यातले पाहुणे आले, त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. त्यातल्या एकांनी व्हरांड्यात पाणी कुठे आहे म्हणून इंग्रजीत विचारलं. ही पुढे झाली. "सर, दिस टॅप नो वॉटर. टँक एम्टी. यू कम, आय शो." आणि त्यांना घेऊन ऑफिसशेजारच्या फिल्टरपाशी गेली. ३४ गुण मिळवलेला मुलगा तिथेच उभा होता, त्याने मान खाली घातली. त्याचा काही दोष नाही. त्याला इंग्रजीत काही बोलायला लागेल असं आम्ही कधी काही केलंच नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन मी पेपर पुन्हा काढून बसले. अ, ॲन, द भरायचा प्रश्न होता. निम्म्या वर्गाने सगळीकडे द लिहिलं होतं, कारण गाइडमधल्या नमुना उत्तरांत द जास्त वेळा येतं. काहींचे गुण चांगले आले, पण तेही द टाकूनच. मराठीत असा शब्दच नाही, त्यामुळे मुलांना तो का लागतो हे आतून कळत नाही. उलट ज्या चुका मराठीतूनच येतात त्या माझ्या पेपरात कुठेच पकडल्या जात नव्हत्या. 'मी काल नाशिकरोडला गेलो होतो' हे आपण सहज म्हणतो, म्हणून मुलगा लिहितो 'आय हॅड गॉन टू नाशिकरोड यस्टरडे'. खुर्ची ती आणि पंखा तो, म्हणून खुर्ची 'शी' होते आणि पंखा 'ही'. रिकाम्या जागा भरून घेतल्या तर यातलं काही बाहेर पडत नाही.

शब्दांचं तर आणखी गमतीचं निघालं. फळ्यावर 'थिन' लिहिलं आणि अर्थ विचारला. कुणालाच येईना. मग मी नुसतं तोंडाने विचारलं, "थिनिंग म्हणजे काय रे?" निफाडकडून आलेल्या तीन-चार मुलांचे हात लगेच वर. "बाई, घडातले मणी काढायचे, विरळ करायचा." द्राक्षाच्या बागेत वाढलेली मुलं, त्यांना थिनिंग, डिपिंग, क्रेट, स्प्रे, पंप, कोल्ड स्टोरेज हे सगळं पाठ आहे. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत ज्यांचे वडील आहेत त्यांना शिफ्ट, ओव्हरटाइम, मशीन, वेल्डिंग, डाय, सुपरवायझर. कानाने आलेले हे शेकडो शब्द त्यांच्याकडे आहेत, पण स्पेलिंगच्या रूपात समोर आले की ओळख पटत नाही. मग माझा पंधरा गुणांचा प्रश्न शब्द तपासत होता की स्पेलिंग?

उच्चारांचे पाच गुण म्हणजे 'वेगळा उच्चार असलेला शब्द ओळखा: फूड, गुड, मून'. उत्तर गुड. बहुतेकांनी बरोबर लिहिलं. नंतर तेच तीन शब्द एकेकाला वाचायला दिले तर उत्तर बरोबर लिहिणारीसुद्धा फूड आणि गुड सारखेच म्हणत होती.

आता मला पडलेले प्रश्न. उच्चार तोंडीच घ्यायला हवेत हे कळतंय, पण मी एकटी. एका मुलाला चार मिनिटं धरली तरी ६४ मुलांना २५६ मिनिटं होतात. आमचा तास ३५ मिनिटांचा, म्हणजे आठ तास त्यातच जाणार, आणि तेवढा वेळ बाकीच्या मुलांना वर्गात नुसतं बसवायचं का?

दुसरं, चूक कशाला म्हणायचं? आमची मुलं अक्षरांची नावं सांगताना यल, यम, यन, यस म्हणतात. एसटीला यस्टी म्हणणाऱ्या घरात वाढलेलं मूल दुसरं काय म्हणणार? ओपनचं वपन होतं. शिप आणि शीप यांत फरक ऐकू येत नाही. 'दिन' आणि 'दीन' आपण तरी बोलताना कुठे वेगळे करतो? मराठी शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घ जी मुलं चुकतात, तीच इंग्रजीत शिप-शीपला अडखळतात. मराठीच्या बाईंच्या वह्या शेजारी ठेवून मी हे पाहिलंय. व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना आपल्याकडे एकच व. यातल्या कशाचे गुण कापायचे?

आणि तिसरं, व्याकरणाचा प्रश्न गाइडच्या बाहेरचा कसा करायचा, तोही लिहिता न येणाऱ्या मुलांना न हरवता? ज्यांनी वर्गात हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. अमुक संकेतस्थळावर तयार पेपर मिळतील असं नका सांगू, ते मी पाहिलेत. त्यात लंडनच्या बसमध्ये चढणारी मुलं असतात.

—

सिन्नरचे मास्तर (निवृत्त):

ताई, मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, २००० साली पहिलीपासून आलं, पण तुम्ही म्हणता तो पेपर तसाच राहिला.

कागदावरचा उच्चारांचा प्रश्न आधी काढून टाका. हा प्रकार रॉबर्ट लाडो यांच्या काळातला. भाषा कशा तपासाव्यात यावर त्यांनी १९६१ साली लिहिलं, त्यात बोलायला न लावता कागदावरच उच्चार तपासायची कल्पना होती. ६४ मुलं असली की कुणालाही मोह होणारच. पुढे १९८९ साली गॅरी बक यांनी जपानमधल्या विद्यार्थ्यांवर हे करून पाहिलं. कागदावरचे गुण एकीकडे, प्रत्यक्ष उच्चार दुसरीकडे. दोन्हींचा मेळ बसला नाही. फूड-गुडच्या बाबतीत तुम्हाला जे दिसलं तेच.

लाडोंचं एक म्हणणं मात्र सोडू नका: मुलाची भाषा आणि शिकायची भाषा जिथे वेगळ्या पडतात, तिथेच प्रश्न विचारायचा. तुमचं 'हॅड गॉन' आणि खुर्चीची 'शी' ही त्याचीच उदाहरणं आहेत. पेपर त्यातूनच काढा.

वेळेचं म्हणाल तर चार मिनिटं लागतच नाहीत. 'असर'ची पाहणी पाहा. प्रथम संस्था २००५ पासून ती करते, गावागावांत घरी जाऊन लाखो मुलांना एकेकटं वाचायला लावतात. इंग्रजीच्या कागदावर आधी मोठी लिपी, मग छोटी, मग सोपे शब्द, मग सोपी वाक्यं. मूल जिथे थांबतं तिथे तपासणी थांबते. शब्द वाचला तर अर्थ विचारतात, तोही मुलाच्या भाषेत सांगितला तरी चालतो. अडखळणारं मूल मिनिटभरात मोकळं होतं, त्याला पुढच्या कागदाची भीती दाखवायची गरज नाही.

पण एक सांभाळा. वाचून दाखवणं म्हणजे उच्चार नव्हे. न पाहिलेला शब्द चुकीचा वाचला तर तो स्पेलिंगचा गोंधळ असू शकतो, जिभेचा नाही. नाइफ शब्द क-नाइफ वाचणारा मुलगा तुमच्या मागून बरोबर नाइफ म्हणून दाखवतो. म्हणून आधी चित्र दाखवून बोलतं करा, मग तुम्ही म्हणा आणि त्याला म्हणायला लावा, वाचन शेवटी. तिन्ही ठिकाणी चुकला तरच तो उच्चाराचा प्रश्न.

—

गंगापूररोडकर:

मी भाषाविज्ञान शिकले आहे, शाळेत शिकवलेलं नाही, त्यामुळे वर्ग कसा सांभाळायचा हे मी सांगणार नाही. गुण कशाचे कापायचे एवढंच लिहिते.

मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ साली एक साधी गोष्ट दाखवली: बोलणाऱ्याचा हेल कितीही ठसठशीत असला तरी ऐकणाऱ्याला शब्द न् शब्द कळू शकतो. हेल आणि कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा एकाच रकान्यात दोन्हींचे गुण देऊ नका. जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली इंग्रजी मातृभाषा नसलेले लोक आपसांत इंग्रजी बोलतात तेव्हा नेमकं कुठे अडतं ते मांडलं. त्यात 'थिंक' आणि 'दिस' मधल्या इंग्रजी ध्वनींवाचून काही अडत नाही, पण स्वर लांब की आखूड यावरून अडतं. म्हणजे आपला थ आणि द चालेल, शिप-शीप मात्र शिकवायलाच हवं आणि तपासायलाही हवं. वॉक्ट, प्लेड, वाँटेड या तीन शेवटांकडेही लक्ष द्या. आपल्याकडे मुलं सरसकट वॉकेड म्हणतात, कारण त्यांना तो शब्द कानाने नव्हे, डोळ्याने भेटलेला असतो.

यम-यन बद्दल माझं मत: नोंद करा, सांगा, गुण कापू नका. फोनवर नावाचं स्पेलिंग सांगताना ते मूल अडलं तर तेव्हा ते शिकेल. व्ही आणि डब्ल्यूचंही तेच, बहुतेक वेळा वाक्यावरून अर्थ कळतो.

व्याकरणाबद्दलही एक सुचवते. मुलाला चार चित्रांची गोष्ट सांगायला लावा. ही, शी नंतर क्रियापदाला स लागायला हवा अशा जागा किती आल्या आणि त्याने तो कितीदा लावला, हे मोजा. रॉजर ब्राउन यांनी १९७३ साली लहान मुलांची भाषा अशीच मोजली. नंतर इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांवर काम झालं तेव्हा दिसलं, की हा स सगळ्यात उशिरा बसणाऱ्या गोष्टींपैकी आहे आणि आयएनजी लवकर बसतो. आठवीच्या मुलाचा स चुकला म्हणून त्याला कच्च्या गटात टाकू नका. त्या पेठच्या मुलीला 'टँक एम्टी' नंतर 'टँक इज एम्टी' शिकवायला एक महिनासुद्धा लागणार नाही.

—

देवळाली कॅम्प:

मी पालक. तोंडी परीक्षा म्हटलं की माझ्या मुलाला ताप येतो, खरंच येतो. बाई, मुलांना एकेकटं दाराबाहेर बोलावू नका. जोडीने बोलवा. दोघं आपसांत बोलतील आणि तुम्हाला ऐकायला मिळेल. एवढीच विनंती.

—

धागाकर्ती:

मास्तर, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी अर्धा दिवस शाळा होती, सहा मुलांवर करून पाहिलं. देवळालीच्या ताईंचं ऐकून जोड्यांनी बोलावलं, आणि एका जोडीला सरासरी पाच मिनिटं लागली. म्हणजे ३२ जोड्यांना १६० मिनिटं, आठाऐवजी पाच तासांत होईल. बाकीच्या वर्गाला तेवढ्या वेळात मी एक उतारा देणार आहे, दर सातवा शब्द गाळलेला. विल्सन टेलर यांची ही १९५३ सालची पद्धत मी मुक्त विद्यापीठात बीएड करताना शिकले होते आणि पुढे विसरून गेले होते. उतारा मीच लिहिला, आमच्या शाळेजवळच्या बसथांब्यावरचा. तो कुठल्याच गाइडमध्ये सापडणार नाही.

चित्रही मीच काढलं. सिटीलिंकची बस थांबलीय, एक बाई टोपली घेऊन चढतेय, एक मुलगा सायकलवरून पडलाय. पहिली जोडी अर्धा मिनिट गप्प. मग मी मराठीत म्हटलं, "अरे, हा पडला तेव्हा तू तिथे होतास असं समज." तेव्हा त्यातला एक म्हणाला, "बॉय फेल. लेग ब्लड. लेडी सी, बट लेडी गो इन बस." दुसऱ्याने लगेच दुरुस्त केलं, "लेडी नॉट गो. लेडी गिव्ह वॉटर." दोघं भांडले. बाई चढली की थांबली यावरून, इंग्रजीतून. मी मध्ये बोलले नाही.

आता नवी अडचण. दुसऱ्या तुकडीला मदत करणाऱ्या बाईंनी आणि मी एकाच मुलाला गुण दिले. दहापैकी मी ७, त्यांनी ४. विचारलं तर म्हणाल्या, तो झीरो म्हणतो, झेब्रा म्हणतो, सगळीकडे आपला मराठी झ. मला तो झ ऐकूच आला नव्हता, कारण मीही तसंच म्हणते. पालकांना विचारून सहाही मुलांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलंय. सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी ते पुन्हा ऐकणार आहोत, कळलं की नाही याचा एक रकाना आणि कसं म्हटलं याचा दुसरा, असे वेगळे करून. दोघींचे गुण तरीही जुळले नाहीत तर कुणाचे धरायचे, याबद्दल कुणी सांगू शकेल का? चित्र हवं असेल त्यांनी इथे लिहा, फोटो काढून पाठवते.