कपालभातीनंतर बोटांना मुंग्या येतात, मदत हवी आहे

अंत्रुजकर: गेले 3 आठवडे रोज पहाटे फोंड्यातल्या घराच्या सोप्यावर बसून मी कपालभाती आणि मग अनुलोम-विलोम करतो. थोड्याच वेळात ओठांभोवती व बोटांना मुंग्या येतात आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पोट रिकामे ठेवा, हे सांगू नये. ते ठाऊक आहे. नेमके काय चुकते ते कृपया लवकर सांगावे.

मांडवीकाठ: वय किती, मिनिटाला पोटाचे झटके किती आणि औषध कोणते चालू आहे, यातले आपण काहीच लिहिलेले नाही.

अंत्रुजकर: वय 52. मोबाईलवरच्या व्हिडिओबरोबर करतो. मिनिटाला 100 ते 120 झटके होत असावेत.

सत्तरीकर: मुळात कपालभाती हा प्राणायामच नव्हे. हठयोगप्रदीपिका या योगग्रंथात ती षट्कर्मांत, म्हणजे धौती-नेतीसारख्या शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत येते; सूर्यभेदन, उज्जायी आदी 8 कुंभक, म्हणजे श्वास रोखण्याचे प्रकार, निराळे आहेत. आपण आधी जलनेती, म्हणजे पाण्याने नाक धुण्याची क्रिया, शिकावी, माझी जुनी सर्दी तिनेच गेली.

मांडवीकाठ: सर्दीबद्दल कोणी विचारलेले नाही. इतक्या वेगात श्वास चालला की कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तातली आम्लता घटते. अंधारी व मुंग्या यांचे कारण बहुधा हेच. वर्गीकरणाने त्या थांबणार नाहीत.

सत्तरीकर: थांबतील! शुद्धिक्रिया म्हटली की माणूस ती बेताने करतो, प्राणायाम समजून मात्र अर्धा-अर्धा तास पोट हलवत बसतो. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करतात तसाच वायू वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो, असे त्याच ग्रंथात बजावले आहे.

बोरीकर: पावसात सोप्यावरची फरशी ओल धरते, म्हणून चटईवर लोकरी आसन घालावे, असे माझे मत आहे.

मांडवीकाठ: औषधाचे उत्तर अजून आलेले नाही.

अंत्रुजकर: रक्तदाबाची गोळी वर्षभर चालू आहे; दाब आटोक्यात असल्याने लिहायचे सुचले नाही. अनुलोम-विलोमात श्वास घेणे, रोखणे, सोडणे 1:4:2 या प्रमाणात करतो, म्हणजे श्वासही रोखतो.

मांडवीकाठ: हेच पहिल्या ओळीत हवे होते. डॉक्टरांना विचारेपर्यंत कपालभाती आणि श्वास रोखणे दोन्ही बंद ठेवावे. श्वास न रोखता 5 मिनिटे संथ अनुलोम-विलोम पुरे. अंधारी आली तर उठू नये, आडवे व्हावे.

सत्तरीकर: याबाबत माझेही दुमत नाही.

अंत्रुजकर: सोमवारी डॉक्टरांकडे जातो. पत्नीही त्याच व्हिडिओबरोबर करते, तिलाही थांबवावे का? वय 47, गोळी कोणतीही नाही, मुंग्या येत नाहीत. या वेळी आधीच लिहिले आहे.